सातव्या पेटीतला दाणा

रोज सकाळी नऊला दहा मिनिटं कमी असताना गोजराबाई घरत कामाच्या शेडच्या दाराबाहेर उभी राहायची आणि स्वतःला झाडून घ्यायची. आधी अंबाड्यातलं फूल काढून भिंतीवरच्या वाटीत, पाण्यात ठेवायची. मग पदर उलटा करून झटकायची, निऱ्यांचा काठ बोटांनी चाचपायची, चपला काढून पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवायची. बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कमरेएवढं गवत माजलेलं असे. त्याची कुसळं साडीच्या काठाला धरून यायची. एकेक कुसळ उपटून ती परत गवतातच टाकायची, आणि मगच उंबरा ओलांडायची. तिच्यामागून बाकीच्या पाच जणी तसंच करायच्या. समोर ट्रेलर लावून झोपलेल्या ड्रायव्हरांचा बरेच दिवस समज होता की या बायका नजर उतरवतात.

आत गमबूट होते. शेकडो. एका छोट्या जहाजाचे.

जहाजाचं नाव ‘इंगेबोर्ग’. त्यावर नव्वदच्या आसपास प्रवासी मावत. वर्षातला अर्धा वेळ ते उत्तरेच्या बर्फात असे, अर्धा वेळ दक्षिणेच्या. प्रवासी लहान रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरत, पेंग्विनांपासून ठरलेल्या अंतरावर उभे राहत आणि परत येत. त्यांना बूट, वरच्या विजारी आणि पाठीवरच्या पिशव्या कंपनीच देई. या सामानाचे दोन संच होते. एक जहाजावर असला की दुसरा द्रोणागिरीच्या शेडमध्ये धुवायला, शिवायला आणि तपासायला येई. धुणं-शिवणं जगात कुठेही झालं असतं. खरं काम तपासण्याचं होतं. दक्षिणेतल्या काही बेटांवर माणसांच्या पायांतून गेलेलं गवत मूळ धरून बसलं होतं. म्हणून बुटाच्या तळव्यातल्या खाचा, वेल्क्रोच्या पट्ट्या, पिशव्यांच्या शिवणी, सगळं भिंगाखाली धरून चिमट्याने बी न् बी काढायचं. कंपनीच्या करारातलं शेवटचं कलम लहानसं आणि कोरडं होतं: जहाजावरच्या तपासणीत या शेडमधून आलेल्या सामानात एक जरी बी सापडलं, तर पुढच्या मोसमापासून काम दुसरीकडे जाईल.

हे कलम बायकांना वाचून दाखवलं ते प्राचीने. ती शेडचं काम बघणाऱ्या, सीबीडी बेलापूरच्या ऑफिसात होती, तेव्हा सव्वीस वर्षांची. वडील विलासराव कऱ्हाडहून सरकारी नोकरीसाठी आलेले, तिचं सगळं लहानपण बेलापूरच्या फ्लॅटमध्ये गेलेलं. भात आणि वरी यांची रोपं शेजारी ठेवली असती तर तिला फरक सांगता आला नसता. तिने लॅपटॉपवर त्यातल्या एका बेटाची चित्रफीत दाखवली. काळ्या खडकावर हिरव्या गवताचा एक ठिपका. बायका बघत होत्या. मागच्या रांगेतून गोजराबाई म्हणाली, “म्हंजे बेननी करायची. शेत तेवढं बुटाचं हाय.”

बेणणी म्हणजे भातातलं तण काढणं, हे मनस्वीने प्राचीला समजावलं. मनस्वी त्या सहा जणींतली सगळ्यात तरुण, बारावी झालेली.

निवड करायची म्हणून ऑफिसने एक परीक्षा ठेवली होती. एकेका बुटात दहा-दहा बिया लपवून ठेवल्या होत्या. कुणाला सहा सापडल्या, कुणाला सात. कोळीवाड्यातल्या चांगुणाबाईंना नऊ. गोजराबाईने अकरा काढून कागदावर ओळीने मांडल्या.

“मावशी, आम्ही दहाच ठेवल्या होत्या,” प्राची म्हणाली.

“दहा तुज्या. ही तुजी नाय.” तिने एक मोहरीहून बारीक काळा कण नखाने पुढे सरकवला. “ही आपली नायच. पन हाय बीच.”

तो बूट आधीच्या मोसमात परदेशी धुऊन, तपासून आलेला होता.

गोजराबाईचं गाव तिथून चालत वीस मिनिटांवर. ज्या जमिनीवर आता गोदामं उभी होती, तिथेच कुठेतरी तिच्या सासऱ्याची खाचरं होती. नक्की कुठे ते तिने कधी दाखवलं नाही. एकदा प्राचीने विचारलं तेव्हा तिने हाताने एवढा मोठा अर्धगोल केला, की त्यात रस्ता, वजनकाटा आणि पलीकडचा मॅंग्रोव्हचा पट्टासुद्धा आला. जमीन गेली तेव्हा ती तिशीत होती. पुढची पंचवीस वर्षं तिने घर सांभाळलं, मुलगा मोठा केला, सुनेला शिकवलं, मासळी आणली, रांधली. पण बियांशी बोटांचा जो संबंध होता तो सुटला तो सुटलाच. “हात गप बसले होते माजे,” असं ती म्हणायची. शेडमधल्या कामाबद्दल तिने प्राचीपाशी काढलेला सगळ्यात मोठा उद्गार एवढाच.

सापडलेली प्रत्येक बी एका कार्डावर चिकटपट्टीखाली लावायची आणि पुढे बुटाचा नंबर लिहायचा, असा नियम होता. उरलेला कचरा उकळत्या पाण्यात. पहिल्या आठवड्यात गोजराबाईने त्या पातेल्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. बी उकळायचं, हे तिला पटत नव्हतं. शेवटी तिने चांगुणाबाईंना ते काम दिलं. “तू कोळीन. तुला काय, तू मासळी उकळतेस.” चांगुणाबाई हसत म्हणाल्या, “आनि जेवायला बसतेस तवा कोन खातं गो ती?”

अशी दोन वर्षं गेली. दोन्ही वर्षं ‘इंगेबोर्ग’वरून आलेल्या तपासणीच्या कागदावर एकच शब्द होता: स्वच्छ. प्राची तो कागद प्रिंट काढून शेडच्या भिंतीवर लावायची. गोजराबाई त्याखालून जाताना मान वर करून बघायची नाही, पण तो तिरका झाला की सरळ तीच करायची.

तिसऱ्या वर्षी गडबड झाली ती दसऱ्यामुळे.

आधीची दोन वर्षं दक्षिणेला जाणारा कंटेनर दसऱ्याआधीच निघून गेला होता. यंदा दसरा गुरुवारी आला आणि कंटेनर शनिवारी दुपारी बाराला होता. बुधवारी, प्रत्येक मापाचे जादा धरून, दोनशे चाळीस जोड बारा पेट्यांत भरून झाले. झाकणं नुसती वर ठेवली होती. शुक्रवारी पट्ट्या आवळून सील लागणार होतं. दसऱ्याची पूजा हवीच, असं बायकांनी सांगितल्यावर प्राचीने खबरदारी घेतली. झेंडू आत येणार नाही. शिलाईची मशीन, भिंगं, चिमटे बाहेर टेबलावर मांडायचे, तिथेच फुलं वाहायची, पुसून परत आत न्यायचे. बायकांनी सगळं तसंच केलं. प्राची स्वतः हजर होती. तिने आरतीला टाळ्याही वाजवल्या.

शुक्रवारी दहाच्या सुमारास ती सील घेऊन आली. पट्ट्या आवळून झाल्या होत्या. मनस्वीने चहा ओतला. गोजराबाई प्राचीशेजारी स्टुलावर बसली आणि खुशीत म्हणाली, “आता बिनघोर जाऊ दे त्यांना. काल पूजा झाल्यावर सगळ्या पेट्यांत लोंबी ठेवलीय मी.”

प्राचीला आधी कळलंच नाही. “कसली लोंबी?”

“भाताची गो. पेनहून माजा भाऊस पाठवतो दर दसऱ्याला. आपली शेती नाय राहिली, त्याची हाय. दाराला बांधायची, तांदळाच्या डब्यात ठेवायची. मी बोल्ले, आता आपली कनगी म्हंजे ह्याच पेट्या. एक-एक ठेवली झाकनाखाली. चांगल्या भरलेल्या बघून. देवाला अर्धी लोंबी नाय चालत.”

प्राचीने कप खाली ठेवला. तिला ओरडायचं होतं. पण समोरच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की आवाज हळूच निघाला.

“मावशी, ते भात पेरलं तर उगवेल?”

“नवं भात हाय. का नाय उगवनार?”

एवढं बोलून गोजराबाई थांबली. आपलंच बोलणं तिच्या कानावर पोचायला एक क्षण लागला. मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

“मी तन काढत होते,” ती म्हणाली. “तीन वर्सं तन काढत होते मी, बाय. भात कोन काढतं? भात तन नाय ना.”

बाहेर एक ट्रेलर मागे घेत होता, त्याचा पीं पीं आवाज चालला होता.

मनस्वीने पहिल्या पेटीच्या पट्ट्या कापल्या. झाकण उचललं. लोंबी वर होती, पण सरळ नव्हती. पेट्या एकीवर एक रचताना हलल्या होत्या. नवं भात जरासा धक्का लागला तरी झडतं. दोन-तीन सोनेरी दाणे बुटांच्या मधल्या फटीत चमकत होते. खाली आणखी किती गेले, देव जाणे.

प्राचीने ऑफिसात फोन लावला. हरेश पाटील तिचा वरिष्ठ. बेलापूर गावातलाच, गोजराबाईला मावशी म्हणणारा, मनाने चांगला आणि घाईचा. प्राचीने फोन स्पीकरवर ठेवला.

“अरे यार,” हरेश म्हणाला. मग, “ऐक. वरच्या लोंब्या काढ, दिसतील ते दाणे काढ, सील लाव. टेन्शन नको घेऊ.”

“सर, आत पण गेलेत.”

“बर्फात भात उगवतो का? पेंग्विन काय पेज करून पिणारेत? गवताचं बी वेगळं. आणि तू हे लिहून कळवलंस तर ते काय म्हणतील माहितेय ना? ह्या लोकांनी स्वतःच्या हाताने बी भरलं. मग संपलंच. सहा बायका घरी बसतील.”

प्राचीने गोजराबाईकडे पाहिलं. हरेशच्या त्या शेवटच्या वाक्यात सगळं आलं होतं. सांगितलं तर काम जाण्याचीच शक्यता जास्त. न सांगता पाठवलं आणि जहाजावर एक दाणा सापडला, तर ते नक्कीच जाईल. आणि सापडला नाही, तर कुणाला काही कळणार नाही.

गोजराबाई उठून फोनजवळ आली. फोनशी ती नेहमी जरा वाकून बोलायची, जणू पलीकडचा माणूस बसलेला आहे.

“हरेश, तुज्या बापाची खाचरं होती ना रे खाडीला?”

“होती मावशी. त्याचं काय?”

“काय नाय. कागदावर खाली सही माजी असते. ‘तपासले’ असं लिहिलंय त्याच्यावर, मना मनस्वीने वाचून दाखवलंय. मी आता तपासल्याशिवाय सही करनार नाय. पेंग्विनचं तू बघ.”

“मावशी, उद्या बाराला गाडी आहे!”

“मग बोलत नको बसू. पोरीला काम करू दे.”

बारा पेट्या उघडल्या. दोनशे चाळीस जोड, म्हणजे चारशे ऐंशी बूट, परत टेबलावर. सहा बायका आणि प्राची सातवी. तिला चिमटा नीट धरता येत नव्हता. चांगुणाबाईंनी तिला फक्त बुटातले आतले तळवे बाहेर काढून उलटे करायचं काम दिलं. “मॅडमला हलकं दिलंय हां, वर कळवू नका,” असं वर म्हणाल्या.

तासाभराने मनस्वीने तो प्रश्न विचारला जो सगळ्यांच्याच डोक्यात होता. “सगळे दाणे निघाले हे कळणार कसं? आत किती पडले तेच माहीत नाही.”

गोजराबाई टेबलाच्या टोकाशी होती. तिने बारा लोंब्या बारा कागदांवर ठेवल्या होत्या, प्रत्येकीपुढे पेटीचा नंबर. त्यातली एक तिने भिंगाखाली सरकवली.

“बघ.”

मनस्वीने पाहिलं, मग प्राचीने. दाणा जिथून गळला होता तिथे काडीवर एक इवलंसं टोक शिल्लक होतं. केसाएवढं बारीक, पण स्पष्ट. भरल्या दाण्यांच्या मधे ही मोकळी टोकं उघडी दिसत होती.

“दाना जातो, देठ राहतो,” गोजराबाई म्हणाली. “मी ठेवल्या तवा एक पन मोकळं नव्हतं, भरलेल्या बघूनच घेतल्या. जेवडी टोकं तेवडे दाने. पेटीत तेवडे मिळाले पायजेत.”

मग ती मोजायला बसली. पहिल्या पेटीची लोंबी, मोकळी टोकं चार. पेटीत दाणे सापडले चार. दुसरीची सात, सात. तिसऱ्या लोंबीचं एकच. तो एक दाणा मिळायला अर्धा तास गेला, तो एका बुटाच्या टाचेतल्या खाचेत रुतला होता. संध्याकाळी साडेपाचला आठ पेट्या जुळल्या होत्या. सगळ्या जणी शनिवारी सकाळी सातला आल्या. दारात उभं राहून स्वतःला झाडून घेताना त्या दिवशी कुणी गप्पा मारल्या नाहीत.

दहा वाजेपर्यंत अकरा पेट्या जुळल्या.

सातवी जुळेना. काडीवर मोकळी टोकं नऊ. दाणे आठ.

वीस जोड तीनदा तपासले. पेटीचे कोपरे ब्रशने झाडले. जमीन पुसली. गोजराबाईने टोकं परत मोजली, मनस्वीने मोजली, प्राचीने मोबाइलवर फोटो काढून मोठा करून मोजली. नऊच. अकराला ट्रेलर दारात लागला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. पावणेबाराला हरेश स्वतः आला, शर्टावर घामाचे डाग. आल्या आल्या त्याने टेबलावरचे आठ दाणे पाहिले.

“एकच राहिलाय ना? मावशी, एक!”

“एक जरी बी, असंच कागदात लिहिलंय ना?” गोजराबाई म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते, भिंगामुळे की कशामुळे ते सांगता आलं नसतं. “अकरा ने. ही पेटी जायाची नाय.”

“वीस जोड कमी गेले तर काय सांगू त्यांना?”

“जे जालं ते. चूक माजी, नाव माजं लिव. ह्या पाच जनींनी काय केलं नाय. त्यांना ठेवा बोल. मी उद्यापासून येत नाय.”

चांगुणाबाई जागच्या उठल्या. “वा! आनि ते पातेलं मी एकटीने उकळत बसू?”

हरेश काही बोलणार होता, पण प्राचीने लॅपटॉप उघडला होता. तिने सगळं लिहिलं. दसरा म्हणजे काय, लोंबी म्हणजे काय, ती का ठेवली, कुणी सांगितलं, देठ कसे मोजले. अकरा पेट्या येत आहेत, सातवी येत नाही. नाव तिने गोजराबाईचं लिहिलं, आणि त्याखाली पूजेला हजर असलेली म्हणून स्वतःचंही. हरेशने वाचलं. कपाळ पुसलं. मग म्हणाला, “माझं पण टाक. मी आधी झाकायला सांगितलं, ते नको लिहू, पण नाव टाक.”

अकरा पेट्या गेल्या.

जहाजावरून आधी फक्त पोच आली. अंतिम निर्णय तपासणीनंतर, असं तिथल्या मोहिमेची प्रमुख अ‍ॅस्ट्रिड हिने लिहिलं होतं. म्हणजे महिना-दीड महिना. शेडमध्ये शिवणकाम चालू होतं. गोजराबाई येत होती, कारण चांगुणाबाई रोज सकाळी तिच्या दारात जाऊन उभ्या राहत. पण ती भिंगाला हात लावेना. बटणं लावायची, चेन बसवायची. सातव्या पेटीतले बूट धुऊन कोपऱ्यात उलटे ठेवले होते. त्या बाजूला ती बघायची नाही.

बाराव्या दिवशी मनस्वी तिथून ओरडली, “मावशी!”

एका लहान मापाच्या बुटात, आतल्या अस्तराची शिवण पायाच्या बोटांपाशी थोडी उसवली होती. धुतलेलं पाणी तिथे मुरून राहिलं होतं. त्या फटीतून पांढरा, सुईएवढा कोंब बाहेर आला होता.

सगळ्या जमल्या. प्राचीला फोन गेला, ती हरेशला घेऊन आली. हरेशने तो बूट हातात धरला आणि बराच वेळ बघत राहिला. रबराच्या, परदेशी, कंपनीचा शिक्का असलेल्या बुटात भात उगवलं होतं. पेंग्विनबद्दल तो त्यानंतर कधी काही बोलला नाही.

गोजराबाईने चिमटा मागितला. बारा दिवसांनी पहिल्यांदा. तिने कोंबाला धक्का न लावता दाणा बाहेर काढला, तळहातावर घेतला. “चल,” एवढंच त्याला म्हणाली. मनस्वीला वाटलं ती तो दारापाशी मातीत लावेल. पण तिने कार्ड घेतलं, चिकटपट्टीखाली दाणा कोंबासकट नीट बसवला आणि पुढे सरकवलं. बुटाचा नंबर मनस्वीने लिहिला. ‘कुठून आले’ या रकान्यात काय लिहायचं, असं तिने विचारलं.

“लिव ना,” गोजराबाई म्हणाली. “आमचंच.”

त्या कार्डाचा फोटो प्राचीने जहाजावर पाठवला.

नोव्हेंबरच्या शेवटी उत्तर आलं. अकरा पेट्या स्वच्छ. सातव्या पेटीतली मापं कमी पडल्याने वीस प्रवाशांना जुने बूट वापरावे लागले, त्यातल्या दोघांनी तक्रार केली. काम द्रोणागिरीतच राहील. अट एक: यापुढे पूजा पेट्यांना सील लागल्यानंतरच. शेवटी अ‍ॅस्ट्रिडने लिहिलं होतं, की देठ मोजायची ती रीत जरा सविस्तर लिहून पाठवाल का, इतर कुठल्या सामानात अशी लोंबी आली तर उपयोगी पडेल. प्राचीने हे मोठ्याने वाचून दाखवलं. चांगुणाबाईंनी विचारलं, “म्हंजे शाबासकी हाय का ओरडा?” गोजराबाई उठली, भिंगाचा दिवा लावला आणि समोरचा बूट ओढून घेतला.

त्यानंतर ती आणखी तीन मोसम होती. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर म्हणायची, आता तर बीच्या पोटातलं दिसतं. प्राचीचं लग्न ठरलं तेव्हा तिने तिला हिरवा चुडा दिला आणि नवऱ्याला दम दिला. मनस्वी हळूहळू तिच्या जागेवर बसायला लागली, टेबलाच्या टोकाशी, खिडकीच्या उजेडात.

त्यातल्या तिसऱ्या मोसमात, सप्टेंबरातल्या एका मंगळवारी प्राची शेडमध्ये होती. पेट्या भरायचं काम चालू होतं. दुपारी दीडच्या सुमारास गोजराबाई म्हणाली, आज जरा दमल्यासारखं वाटतं, लवकर जाते. डबाही तिने तसाच परत बांधला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती झोपेतच गेली. घरच्यांना कळलं ते चहाच्या वेळी. गावातल्या स्मशानात त्या दिवशी गोदामांतले हमाल होते, ट्रेलरचे ड्रायव्हर होते, आणि हरेश खांदा द्यायला पुढे होता.

आदल्या दिवशी, मंगळवारी निघताना ती दारात चप्पल घालत होती. आत मनस्वी एका पेटीवर झाकण ठेवत होती, घाईत, कारण तिला भूक लागली होती. गोजराबाईने वळून पाहिलं.

“झाकन ऱ्हाऊ दे गो,” ती म्हणाली. “आधी हात धू, जेवून घे. मंग एकदा परत बघ.”